निरवंती वितळते

विनाशाचा वारा सुटला तेव्हा निरवंतीने विश्वाची चारही दारं लावून घेतली, असं तिसऱ्या खंडात छापलेलं आहे. खरी गोष्ट एवढीच, की त्या दिवशी स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं, वहिनीला शिंकांवर शिंका येत होत्या आणि ती म्हणाली होती, "अहो, ते दार लावा, वारा येतोय." कवीने दार लावलं नाहीच. तो कागद शोधायला उठला.

लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. वहिनी जेवताना काहीतरी बोलायची आणि महिन्याभराने ते निरवंतीच्या तोंडून, ढगांच्या गडगडाटासकट, परत यायचं. दूध उतू गेलं म्हटलं की आकाशगंगा सांडायच्या. गुडघे दुखतात म्हटलं की पर्वत खाली बसायचे. एकदा तर ती नुसतं "हं" म्हणाली होती. त्या "हं"मधून सातवा खंड निघाला, आणि सगळ्यांत जाड खंड तोच आहे.

निरवंती कोण, हे जुन्या पोथ्यांत शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. ती कवीने स्वतः रचलेल्या पुराणातली. जगात इतकी पुराणं आयती पडलेली असताना या माणसाला ती पुरली नाहीत, म्हणून त्याने आपलं वेगळं मांडलं. त्यात आधी होता आदिघण नावाचा एक अवाढव्य लोहार. तो ऐरणीवर काळ ठोकत बसलेला असे. एकदा दमून त्याने सुस्कारा टाकला आणि त्या सुस्काऱ्यातून निरवंती निघाली. निघाल्या निघाल्या तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "केवढा हा पसारा!" हे वाक्य कवीला कुठून सुचलं असेल ते सांगायला नको.

पोटासाठी कवी दारावरच्या पितळी पाट्या करायचा. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, नव्याने घर घेतलेल्या जोडप्यांच्या. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे न्हाणीला लागून कारखाना. पितळेच्या पत्र्यावर व्हार्निशने अक्षरं काढायची आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. व्हार्निशखालचं वाचतं, उघडं राहिलेलं अ‍ॅसिड खाऊन टाकतं, आणि अक्षरं वर उठून येतात. आपलं पुराणही तो असंच पत्र्यावर काढायचा, चित्र आणि ओळी एकत्रच, आणि त्यावर शाई फिरवून कागदावर छापायचा. फरक एवढाच, की छापायचं तर पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागतं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. पाटी मात्र सुलटीच लागते. डोक्यात पुराण घोळत असलं की कवीचा हात पाटीसुद्धा उलटी काढून मोकळा व्हायचा. दातांच्या डॉक्टरची पाटी अशीच निघाली. "आरसा मी पेशंटच्या तोंडात घालतो," डॉक्टर म्हणाले, "दारात धरून उभा नाही राहणार." पाटी परत आली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कवीने पुढचं पान काढायला घेतलं. जितकी प्रतिभा जोरात, तितक्या पाट्या उलट्या, आणि जितक्या पाट्या उलट्या तितका पुराणाला पत्रा फुकट. बारा खंडांचं ते विश्व असं डॉक्टर-वकिलांच्या पाठीवर उभं होतं. आणि स्वतःच्या दारावर पाटी? नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गल्लीत कवीला मागून सगळे महर्षी म्हणत. वहिनीला तोंडावरही वहिनीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. महर्षी काय करतो हे कुणाला नीट माहीत नव्हतं. वहिनी काय करते हे मात्र स्वच्छ दिसायचं, कारण तिच्या नखांतली शाई कधी गेलीच नाही. पत्रा खडूच्या पुडीने घासायचा, तोही असा की वर पाणी सोडलं तर थेंब न होता सरळ पसरलं पाहिजे, हे काम तिचं. पत्रा अ‍ॅसिडमध्ये पडला की शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि वर येणारे बुडबुडे पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला सारायचे, हेही तिचं. कागद ओलावणं तिचं, शाई फिरवणं तिचं, दाबयंत्राचं चाक ओढणं तिचं. त्या यंत्राला घरात म्हातारी म्हणत, कारण ती कुरकुरल्याशिवाय एक पान द्यायची नाही. छापून झालं की रंग भरायचे, तेही तिचंच. निरवंतीच्या शालीचा निळा रंग कसा होतो हे कवीला अजून ठाऊक नाही. त्याला वाटतं तो तसा बाटलीतच मिळतो.

तुम्ही म्हणाल, बिचारी. पण तसं नव्हतं. वहिनीला निरवंती आवडायची. पुराणातलं निम्मंअर्धं तिच्या डोक्यावरून जायचं, ती तसं सांगायचीही. पण निरवंतीचं पान आलं की तिचा हात सावकाश चालायचा. निरवंती रुसली तर नऊ युगं परत यायची नाही. वहिनी रुसली तर फार तर दोन दुकानं सोडून नणंदेच्या पार्लरमध्ये जाऊन बसायची, आणि दूध घ्यायचं म्हणून तासाभरात घरी. निरवंतीने आदिघणाला तोंडावर ऐकवलं की चंद्र खाली पडायचे. वहिनी ऐकवायची तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. आपलं बोलणं कुठेतरी कुणीतरी ऐकतंय, तिथे त्याने काहीतरी हलतंय, याचं तिला मनातून फार सुख होतं. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी दुकान बंद होतं. दुपारी जेवायला बसल्यावर कवी म्हणाला, "शेवट ठरला."

"कशाचा?"

"सगळ्याचा. बाराव्या खंडाचं शेवटचं पान. आठवडाभरात पत्रा तयार करतो, पुढच्या रविवारी छापू."

विश्वाचा शेवट रविवारी म्हटल्यावर वहिनीने मनातल्या मनात कपडे धुवायचे शनिवारी ढकलले. मग पाव कापता कापता तिने विचारलं, "बरं. आणि निरवंतीचं काय होतं?"

कवीचा चेहरा उजळला. हाच प्रश्न त्याला हवा होता. "ती वितळते."

"म्हणजे?"

"आदिघणात वितळते. त्याच्यातूनच तर निघाली होती ती. शेवटी परत त्याच्यात जाते. दोन उरतच नाहीत, एकच उरतं. अगं, एवढा मोठा मान आजपर्यंत कुठल्याही कवीने कुठल्याही स्त्रीला दिलेला नाही."

"आणि उरतं ते कोण असतं?"

"एक. पूर्ण. अखंड."

"ते कळलं हो. दिसायला कसं असतं? दाढी असते का त्याला?"

कवी घुटमळला. त्याने चित्राचा कच्चा आराखडा केलेला होता. "दाढी," तो म्हणाला, "असते."

"मग आदिघणच उरतो की."

"तसं नाही ते! ती त्याच्यात असतेच. सगळीकडे असते."

"सगळीकडे म्हणजे कुठेच नाही," वहिनी म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. कवीने खिशातून पेन्सिल काढली. ते वाक्य त्याला आवडलं होतं.

पेन्सिल पाहून मात्र वहिनी तडक आत गेली. ताटं मोरीत ठेवून ती नळ सोडून नुसतीच उभी राहिली. इतकी वर्षं माझं बोलणं नेलं, नेऊ दिलं. मला वाटलं ते तिच्याकडे जातंय. आता तिलाच मिटवून टाकतो म्हणतो, आणि वर त्याला मान म्हणतो. बारा खंड आपण जिला शाई लावली, शाल रंगवली, तिच्या जागी शेवटच्या पानावर एक दाढीवाला उभा राहणार, आणि त्याच्या दाढीलासुद्धा शाई आपणच लावायची. तिला रडू आलं. रडू आल्याचा तिला रागही आला, कारण कांदा चिरून झाला होता आणि निमित्त सांगायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पार्लरमध्ये जाऊन बसली. नणंद एका बाईचे केस कापत होती. पुराणात नणंदेलाही जागा होती. दक्षिण दिशेची तीन तोंडांची केशिनी, जी ऋतूंचे धागे कात्रीने कापते. तीन तोंडं दिल्याबद्दल नणंदेने भावाशी महिनाभर अबोला धरला होता. नंतर तिने तेच चित्र चौकटीत घालून आरशाशेजारी लावलं, आणि गिऱ्हाइकांना सांगायची, मॉडेल मी आहे.

सगळं ऐकून नणंद म्हणाली, "वितळते? मेण आहे का ती?"

"मान आहे म्हणे."

"दादाचं हे असंच. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ खायचा आणि म्हणायचा, तुझ्या पोटात गेला काय, माझ्या पोटात गेला काय, रक्त एकच." तिने कात्री हवेत दोनदा वाजवली. "वहिनी, तू त्याच्याशी भांडू नकोस. भांडलीस की तो लिहून घेईल."

"तेच तर."

"मग तो म्हणतो तसं कर ना. वितळ."

"म्हणजे?"

"अगं, वितळून दाखव एकदा. त्यालाही कळू दे अखंड राहणं काय असतं ते."

ज्या बाईचे केस कापले जात होते ती मान न हलवता हसली. वहिनीला त्यात सुरुवातीला काही हसण्यासारखं वाटलं नाही. घरी येईपर्यंत मात्र तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

मंगळवारी सकाळी कारखान्यातून हाक आली. "अगं, खडूची पूड कुठे आहे?"

वहिनी पुढच्या खोलीत खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. कवी दारात आला. "अगं, पूड!"

"मला विचारू नका," वहिनी पान उलटत म्हणाली. "मी तुमच्यात वितळले आहे. आत बघा जरा, आठवेल."

कवी हसला. विनोद त्याला कळायचा, फक्त तो संपला कधी हे कळायचं नाही. "बरं बरं. पण कुठे आहे?"

"आता दोन नाहीत हो. एकच आहे. त्याला ठाऊक असणारच."

एकाला ठाऊक नव्हतं. त्याने सगळी फडताळं उचकली आणि शेवटी पूड सापडली, ती त्याच्याच स्टुलाखाली. तिथे ती लग्न झाल्यापासून होती. दुपारी त्याला पिसं सापडेनात. मग शाईचं झाकण निघेना. मग म्हातारी कुरकुरायला लागली आणि तिला तेल कुठे घालतात, हे विश्वाच्या निर्मात्याला माहीत नसल्याचं उघड झालं. दर वेळी तो दारात यायचा आणि दर वेळी वहिनी गोड आवाजात म्हणायची, "आत बघा." दुकानात गिऱ्हाईक आलं की ती लगेच घट्ट व्हायची, पाटीचं माप घ्यायची, चहा विचारायची. गिऱ्हाईक पायरी उतरलं की परत वितळायची. स्वयंपाकही वितळला होता. ती स्वतः पार्लरमध्ये जेवून यायची. कवी उभ्याउभ्या पाव-लोणी खायचा.

वाटलं होतं दोन दिवसांत शरण येईल. पण कवींची जात चिवट. बुधवारी तो म्हणाला, "ठीक आहे, मी एकटाच करतो," आणि एका वकिलाची परत आलेली पाटी उलटी करून तिची कोरी बाजू घासायला बसला. वहिनी वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत होती. घासायला सुरुवात त्याने बरी केली. निम्मा पत्रा लखलखीत निघाला. मग त्याचा हात दुखायला लागला, मग भूक लागली. त्याने डाव्या हातात पत्रा धरला, उजव्या हाताने पावाला लोणी फासलं, चार घास खाल्ले, हात पँटला पुसला आणि पत्रा त्या हातात घेऊन उजेडाला धरला. "झालं," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचा अंगठा पत्र्याच्या बरोबर मधोमध टेकलेला होता.

वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. पितळेवर तूप-लोणी लागलं की व्हार्निश धरत नाही. वरून दिसतं छान, पण अ‍ॅसिडमध्ये पडलं की सालीसारखं सुटून जातं. हे त्यालाही माहीत होतं, पण माहीत असणं त्याचं काम आणि लक्षात ठेवणं हिचं, अशी वाटणी झालेली होती. नुसतं "अहो, अंगठा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा.

पण वितळलेल्या बाईला जीभ कुठली? ती मूग गिळून खाली बसली. बसली खरी, पण वर्तमानपत्रातली ओळ काही केल्या पुढे सरकेना.

बुधवारी दुपारपासून शनिवारपर्यंत कवीने चित्र काढलं. मधोमध आदिघण, भरगच्च, दाढीसकट, जिथे अंगठा लागला होता बरोबर तिथेच. त्याच्याभोवती निरवंती, हात पसरून त्याला मिठी घालणारी, बारीक रेघांची, आता पुसली जाईल अशी. त्याने खूप मन लावून काढलं. रेघ ओढताना तो श्वास धरून ठेवायचा आणि रेघ संपली की सोडायचा, हे वहिनीला बाहेरूनही ऐकू यायचं. शुक्रवारी तिला स्वतःची लाज वाटायला लागली. एवढे कष्ट करतोय माणूस, आणि आपण डोळ्यांदेखत ते खड्ड्यात जाऊ देतोय. सांगावं का? सांगितलं तर तो पत्रा पुन्हा घासेल, पुन्हा काढेल, आणि निरवंती रीतसर, नीटनेटकी वितळेल. तिने सांगितलं नाही. शनिवारी त्याने पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडला, पीस हातात घेतलं आणि स्टुलावर बसला. तो मधल्या बुडबुड्यांना बघत होता की नुसता विश्वाच्या अंताला, कोण जाणे. वहिनीने कपडे धुवायला काढले आणि तेच तेच दोनदा धुतले.

रविवारी सकाळी म्हातारीचं चाक ओढल्याचं ऐकू आलं. एवढं कुरकुरत होती की वहिनीला तिची दया आली. मग सगळं शांत झालं. कागद पत्र्यावरून सोलल्याचा आवाज आला. आणि त्यानंतर काहीच नाही.

हे काहीच नाही फार वेळ चाललं. वहिनी उठली आणि कारखान्याच्या दारात गेली. कवी ओला कागद दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी उभा होता.

कागदावर निरवंती होती. बारीक रेघांची म्हणून काढलेली, पण आता पानावर तीच एक होती आणि ठळक उठून दिसत होती. हात पसरलेले, मान किंचित कललेली. आणि तिच्या हातांच्या मधे, जिथे आदिघण असायला हवा होता, तिथे पांढरा कागद. दाढी नाही, घण नाही, ऐरण नाही. माणसाच्या आकाराची एक मोठी मोकळी जागा तिने कवेत घेतली होती आणि तिला त्याचं ओझं वाटत नव्हतं.

"साक्षात्कार," कवी पुटपुटला. "अगं, हे मी काढलेलं नाही. हे कुणीतरी..."

वहिनीच्या मनात आलं, चला, सुटले. आता हा याला आकाशवाणी म्हणेल आणि तेरावा खंड लिहायला घेईल. पण कवी बोलता बोलता थांबला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या जागेच्या मधोमध, आदिघणाचं काळीज असतं त्या जागी, अगदी फिकट गोल गोल रेषा उमटल्या होत्या. त्याने कागद खाली ठेवला आणि स्वतःचा उजवा अंगठा वर करून बघितला. महर्षी असला तरी त्याचा जन्म पत्रे घासण्यात गेला होता.

"लोणी," तो म्हणाला.

त्याने अंगठा पँटला पुसला.

"तू बघत होतीस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलणार कशी? मी नव्हतेच ना."

हे ती चिडवायला म्हणाली होती. आठवडाभर तेच तर चाललं होतं. पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला, आणि मग चिडवण्यासारखं त्यात काही उरलं नाही. कवीने वर बघितलं. बोलताना तिच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय नव्हती. तो नेहमी ऐकायचा, आणि ऐकता ऐकता कागद शोधायचा. आता कागद हातातच होता, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांखाली काळं आलेलं, नाकाच्या शेंड्यावर कालच्या साबणाचा फेस वाळलेला, केस एका बाजूने जरा जास्तच आखूड कापलेले. नणंदेने बोलता बोलता हात चालवला होता.

"केस कधी कापलेस?"

"मंगळवारी."

"बरे दिसतात," तो म्हणाला, आणि पुन्हा कागदाकडे बघून हळूच म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं तुला आवडेल."

"मला ती हवी होती हो," वहिनी म्हणाली. "दुसरं काही नको होतं. एवढं सगळं संपणार, तर एका कोपऱ्यात ती उभी राहिली असती तर तुमच्या अखंडाला काय धाड भरली असती? इतकी वर्षं मी तिला नेसवतेय. मला न विचारता तिला मिटवायला निघालात."

कवीने मान डोलावली. मग तो स्वतःशीच हसल्यासारखा झाला. "आठ दिवस तू नव्हतीस," तो म्हणाला, "आणि वितळला कोण बघ. मीच की!"

यावर वहिनीला हसू आलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला नाही, कारण डोळ्यांतून पाणीही येत होतं आणि दोन्ही एकदम दाबणं जमत नाही. तिने कागद त्याच्या हातातून घेतला, कडेने, बोटं शाईला न लावता, आणि उजेडाला धरला. छाप वाईट होती. चाक मधेच थांबवलं होतं, वरच्या कोपऱ्यात शाई जास्त झाली होती. पण निरवंतीचा चेहरा स्वच्छ आला होता.

"पत्रा फेकायचा का?" कवीने विचारलं.

"खबरदार."

"मग खाली ओळी काढायला जागा आहे. दुसरा छोटा पत्रा जोडता येईल." त्याने खिशात हात घातला, पेन्सिल काढली, आणि जन्मात पहिल्यांदा ती परत खिशात ठेवली. "आता ती काय म्हणते?"

वहिनी दचकली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. बोलून जायचं आणि नंतर ते छापून आलेलं बघायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. आता कुणी तोंडाकडे बघत थांबलंय म्हटल्यावर तिला एकही शब्द आठवेना. दारं, दूध, गुडघे, सगळं कुठल्या कुठे पळालं.

"लगेच सांगायला हवं?" तिने विचारलं.

"नाही नाही. पण विश्वाचा शेवट अडलाय तुझ्यापायी."

"अडू दे. इतके दिवस थांबलाय, अजून थांबेल. मी तिला विचारून सांगते." तिने कागद दोरीवर चिमट्याने अडकवला आणि बाह्या वर सारल्या. "दुसरी प्रत काढू. हिच्यावर शाई एकसारखी बसली नाही. म्हातारीला आधी तेल घालते. आणि तुम्ही पहिल्यांदा हात धुऊन या. साबणाने."

कवी निमूटपणे मोरीकडे गेला. नळाचा आवाज आला, थांबला, मग भांडी सरकल्याचा आवाज आला. वहिनी दोरीवरच्या निरवंतीकडे बघत उभी होती. पसरलेल्या हातांमधली ती पांढरी जागा रंगवायची नाही, तशीच ठेवायची, हे तिचं ठरलं. शाल मात्र निळीच.

"अगं," आतून हाक आली, "साबण कुठे आहे?"

"खिडकीत!" ती ओरडून म्हणाली. "ताटल्यांच्या मागे. तिथेच असतो तो नेहमी!"